जखमी आणि पोरक्या वन्यजीवांना मदत कशी करावी: कोल्हापूर परिसरासाठी सविस्तर मार्गदर्शन

पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा आणि शाहूवाडीचे डोंगर, पूर्वेला हातकणंगले-शिरोळचा ऊसपट्टा आणि मधोमध पंचगंगेकाठी वाढत चाललेले शहर, अशा या कोल्हापूर जिल्ह्यात संकटात सापडलेला वन्यजीव समोर येण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. गळीत हंगामात उसाच्या फडात रानमांजराची पिल्ले उघडी पडतात, एप्रिल-मेच्या उन्हात घारी आणि वटवाघळे ग्लानी येऊन खाली कोसळतात, वळवाच्या वाऱ्यात घरटी पडतात आणि २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर आला की पाण्याबरोबर वाहत आलेले साप घराच्या माळ्यापर्यंत चढतात. अशा वेळी मदत करण्याची इच्छा बहुतेकांना असते. मात्र नेमके काय करायचे हे ठाऊक नसल्याने वाचू शकणारा जीव मदतीमुळेच दगावतो, असे पुष्कळदा घडते.

या लेखात सांगितलेल्या साऱ्या पायऱ्यांमागे एकच कसोटी आहे. तो प्राणी पुन्हा त्याच्याच परिसरात स्वतःच्या बळावर जगू लागला तरच त्याला वाचवले असे म्हणता येते. खोक्यात जिवंत राहिलेले, माणसाच्या हातून खाणारे आणि माणसामागे धावणारे पिल्लू वाचलेले नसते. म्हणून उचलणे हा शेवटचा पर्याय मानावा आणि उचललेच तर हाताळणी कमीत कमी ठेवावी.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. या कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, सापळ्यात अडकवणे आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी हलवणे हेही येते. एखादा वन्यप्राणी कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत वनाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे आणि सांगितल्यास तो सुपूर्द करणे बंधनकारक आहे. जखमी जिवाला चांगल्या हेतूने आसरा दिला, तरी ही जबाबदारी टळत नाही. खरे तर ४८ तास थांबण्याचे काही कारणही नाही, कारण उपचाराच्या दृष्टीने पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. देशी पोपट, कासव किंवा खार हौसेने पाळणे हा गुन्हा आहे, आणि ‘बरे होईपर्यंत’ म्हणून घरी ठेवलेला पोपट वर्षभर पिंजऱ्यात राहिला तर त्याला मदत म्हणता येत नाही.

महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे. तो आणि आपल्या तालुक्याच्या वनक्षेत्रपाल कार्यालयाचा क्रमांक आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा. प्रसंग समोर उभा राहिल्यावर क्रमांक शोधण्यात अर्धा तास सहज जातो. फोनवर सांगताना प्राणी कोणता आहे, गाव, गट किंवा शिवार, जवळची ओळखीची खूण, जखम कशी दिसते आणि गर्दी किती आहे, एवढी माहिती द्यावी. प्राणी ओळखता आला नाही तर दुरून काढलेले छायाचित्र पाठवावे.

उचलण्याआधी पाहणे

एकटे दिसणारे प्रत्येक पिल्लू पोरके नसते. ही गोष्ट मनावर ठसली तर निम्मी अनावश्यक ‘सुटका’ थांबेल. सशाची मादी पिल्लांना गवतात दडवून दिवसभर दूर राहते आणि दूध पाजण्यासाठी मुख्यतः अंधारात थोडा वेळ येते. ती सतत जवळ राहिली तर तिच्या वासाने कोल्हा किंवा मुंगूस पिल्लांपर्यंत पोहोचेल, म्हणून तिचे दूर राहणे हेच पिल्लांचे संरक्षण असते. भेकर आणि सांबर यांची पिल्लेही पहिल्या दिवसांत झुडपात हालचाल न करता बसून राहतात. जवळ गेले तरी ती पळत नाहीत, त्यामुळे आजारी वाटतात. प्रत्यक्षात ती निसर्गाने दिलेल्या सवयीप्रमाणे वागत असतात.

पक्ष्यांच्या पिल्लांत दोन अवस्था ओळखाव्यात. अंगावर पिसे नसलेले किंवा नुकते पिसांचे कोंब फुटलेले, पायांवर नीट उभे राहू न शकणारे पिल्लू खरोखर घरट्यातून पडलेले असते. घरटे दिसत असेल आणि हात पोहोचत असेल तर पिल्लू सरळ घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज चुकीचा आहे. घरटेच पडले असेल तर तळाला भोके असलेल्या छोट्या टोपलीत सुके गवत घालून ती त्याच झाडाला, शक्य तितकी उंच आणि सावलीत, तारेने घट्ट बांधावी आणि पिल्ले तीत ठेवून दूर जाऊन पाहावे. आईबाप बहुधा तासा-दोन तासांत खाऊ घेऊन येऊ लागतात. पिल्लांच्या आवाजावर ते येतात, म्हणून टोपली झाकून ठेवू नये.

दुसरी अवस्था म्हणजे अंगभर पिसे आलेले, आखूड शेपटीचे, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पिल्लू. साळुंकी आणि बुलबुलाची अशी पिल्ले मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यात अंगणात सर्रास दिसतात. ती उडायला शिकत असतात आणि आईबाप जवळपासच असतात. अशा पिल्लाला कुत्र्या-मांजरापासून वाचवण्यासाठी जवळच्या झुडपाच्या फांदीवर बसवावे, आपले मांजर दोन-तीन दिवस घरात ठेवावे आणि तेथून निघून जावे. जुन्या वाड्याच्या किंवा देवळाच्या कोनाड्यातून पडलेल्या गव्हाणी घुबडाच्या पिल्लालाही जखम नसेल तर त्याच कोनाड्यात परत ठेवता येते. पांढऱ्या लवीतले, सतत फुत्कारणारे ते पिल्लू पाहून लोक घाबरतात आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेमुळे त्याच्या जिवावर उठतात. खरे तर घुबडाचे कुटुंब जवळ असणे हे शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे, कारण उंदीर हेच त्याचे मुख्य अन्न असते.

मदत केव्हा खरोखर हवी असते? रक्त वाहत असेल, पाय किंवा पंख लोंबत असेल, अंगावर माश्यांची पांढरी अंडी किंवा मुंग्या असतील, पिल्लू हाताला गार लागत असेल, शेजारी मेलेली आई असेल, मांजराने किंवा कुत्र्याने तोंडात धरले असेल, किंवा पिल्लू तासन् तास सतत ओरडत असेल, तर हस्तक्षेप करावा. यांपैकी काहीच नसेल तर निदान तीस-चाळीस पावले दूर, आडोशाला उभे राहून पाहावे. माणूस शेजारी उभा असताना आई येणार नाही.

उसाच्या फडातील पिल्ले

आपल्या भागात ही परिस्थिती इतकी नेहमीची आहे की तिच्यावर थोडे अधिक लिहिणे गरजेचे वाटते. दाट ऊस, पाण्याचा पाट, उंदीर-घुशींची रेलचेल आणि माणसांची वर्दळ नसलेले महिने, यांमुळे रानमांजर आणि काही ठिकाणी बिबट्याही उसात विणतात. मग एके दिवशी कोयता घेतलेली टोळी फडात शिरते, आई बांधापलीकडे निघून जाते आणि पाचटाच्या खोलगट जागेत एकमेकांना चिकटून बसलेली दोन-तीन पिल्ले उघडी पडतात. बघता बघता ‘बिबट्याची पिल्ले सापडली’ अशी हाक होते, मोबाइल बाहेर येतात, पिल्ले एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी घरी पोहोचतात.

पहिले काम म्हणजे तोडणी तेथेच थांबवणे. मुकादमाला सांगून टोळी फडाच्या दुसऱ्या टोकाला वळवावी आणि पिल्लांभोवतीचा ऊस त्या दिवसापुरता उभा ठेवावा. एका दिवसाच्या थांबण्याने फारसे नुकसान होत नाही, आणि साखर कारखान्यांच्या ऊसतोड नियोजनात अशा प्रसंगासाठी जागा असावी, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर वनविभागाला फोन करावा. पिल्ले कोणाची आहेत हे ठरवण्याचा आग्रह धरू नये, तरी काही खुणा उपयोगी पडतात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर अगदी लहानपणापासून दाट काळे ठिपके असतात, डोक्याच्या मानाने पंजे मोठे असतात. रानमांजराची पिल्ले मातकट-भुऱ्या रंगाची, अंगावर फिकट पट्टे असलेली आणि शेपटीच्या टोकाकडे काळी वलये असलेली असतात. वाघाटी ही त्याहूनही लहान असते आणि तिच्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी दिसतात. बिबट्याची शंका आली तर सर्वांनी ताबडतोब मोकळ्या जागेत यावे, कारण आई उरलेल्या उसातच असण्याची शक्यता मोठी असते.

आई आणि पिल्लांच्या पुनर्भेटीची पद्धत साधी आहे आणि महाराष्ट्रात, विशेषतः जुन्नर परिसरातील ऊसपट्ट्यात, वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील मंडळींनी ती अनेकदा यशस्वी करून दाखवली आहे. पशुवैद्यक पिल्लांची तपासणी करतात, जखम आणि गोचिडांची स्थिती पाहतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पिल्ले जेथे सापडली त्याच जागी, हवेशीर क्रेटमध्ये किंवा टोपलीत ठेवतात. क्रेटचे झाकण असे असते की आईला ते सहज पाडता यावे. आजूबाजूला ट्रॅप कॅमेरे लावले जातात आणि सगळी माणसे दूर जातात. आई बहुधा त्याच रात्री येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही, तर दिवसभर पिल्ले सावलीत आणि उबेत ठेवून दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न केला जातो. गावकऱ्यांचे यातले काम एकच आणि सर्वांत अवघड असते: त्या रात्री बॅटऱ्या घेऊन शेताकडे न जाणे.

रानमांजराच्या बाबतीतही हीच रीत लागू पडते. पिल्लांना दूध पाजण्याची घाई करू नये, कारण काही तास उपाशी राहिलेले पिल्लू आईजवळ परत गेले तर सावरते. चुकीचे दूध पोटात गेलेले पिल्लू हगवणीने खंगते.

मोराची अंडी हा याच शेतातला दुसरा प्रसंग आहे. गवत किंवा ऊस कापताना लांडोरीचे घरटे दिसले तर त्याच्या भोवतीचा काही मीटरचा तुकडा तसाच राखावा, म्हणजे लांडोर परत येऊन बसू शकते. अंडी घरी आणून कोंबडीखाली उबवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. ती कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय अशी पिल्ले माणसांत वाढल्याने त्यांना कुत्र्याचे भय उरत नाही.

पकडणे आणि ठेवणे

वनकर्मचारी येण्यास वेळ लागणार असेल आणि प्राणी लहान असेल, तरच त्याला स्वतः सुरक्षित जागी घ्यावे. बिबट्या, गवा, कोल्हा, साळिंदर, माकड, वानर, मगर आणि विषारी साप यांना सामान्य माणसाने हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. साहित्य फारसे लागत नाही. मजबूत पुठ्ठ्याचा खोका, जाड पंचा, जाड हातमोजे आणि चिकटपट्टी एवढे पुरते. खोक्याला बाजूंनी पेन्सिलीच्या जाडीची भोके प्राणी आत ठेवण्यापूर्वी पाडावीत. तळाला पंचा अंथरावा. नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद घातला तर पक्ष्याचे पाय फाकतात. तारेचा पिंजरा वापरू नये, कारण घाबरलेला पक्षी तारांवर आपटून पंखांची मोठी पिसे मोडतो आणि ती पुन्हा यायला महिने लागतात.

पक्ष्याच्या मागून हळू जाऊन अंगावर पंचा टाकावा, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचलावे आणि छाती दाबली जाणार नाही याची काळजी घ्यावी. पक्षी छातीचा भाता हलवूनच श्वास घेतो, त्यामुळे प्रेमाने घट्ट धरलेला पक्षीही गुदमरून मरतो. घार किंवा घुबडाची नखे हे त्यांचे खरे हत्यार आहे, तेव्हा आधी पाय ताब्यात घ्यावेत. बगळा आणि वंचक यांची चोच सरळ डोळ्याकडे येते, म्हणून त्यांची मान सैल हाताने धरून आपला चेहरा दूर ठेवावा. वटवाघळाला उघड्या हाताने कधीही स्पर्श करू नये.

पहिला तास

खोक्यात गेलेल्या जिवाला तीन गोष्टी हव्या असतात: ऊब, अंधार आणि शांतता. खोका घरातल्या कमीत कमी वर्दळीच्या खोलीत ठेवावा, टीव्ही बंद करावा, मुलांना आणि शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी झाकण उघडू नये. वन्यप्राण्यासाठी माणूस म्हणजे शिकारी असतो आणि आपले कुरवाळणे त्याला धीर देत नाही. ज्याला आपण ‘शांत झाला, माणसाळला’ असे समजतो, तो प्राणी बहुतेक वेळा भीतीने गोठलेला असतो. हरणवर्गातील प्राण्यांत तर पाठलाग आणि धरपकडीच्या ताणाने स्नायूंचे तंतू तुटू लागतात, त्यांतील घटक मूत्रपिंडात अडकतात आणि वरून धडधाकट दिसणारे भेकर काही तासांनी किंवा काही दिवसांनी दगावते. त्याचे डोळे कापडाने झाकणे आणि आवाज बंद करणे हाच त्यावरचा पहिला उपाय आहे.

लहान पिल्ले गार पडली असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. दुसरी बाजू थंड राहू द्यावी, म्हणजे पिल्लू स्वतः सरकून जागा निवडू शकते. बाटली थंड झाली की बदलावी, नाहीतर तीच पिल्लाची ऊब ओढून घेते. उन्हाने तोंड उघडून धापा टाकणाऱ्या पक्ष्याला उलट सावली आणि हवा हवी असते. त्याच्यावर बर्फाचे पाणी ओतू नये.

खायला-प्यायला काय द्यावे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. पहिल्या तासात उत्तर आहे: काही नाही. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, त्यामुळे चोचीत थेंब थेंब ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. गार पडलेल्या सस्तन पिल्लाचे आतडे काम करत नसते आणि त्याच्या पोटात गेलेले दूध नासते. शुद्धीवर असलेल्या मोठ्या पक्ष्यापुढे उथळ वाटीत पाणी ठेवले तर चालते, मात्र प्रवासात तेही काढून घ्यावे. गाईचे दूध, दूध-पाव, भात, बिस्किटे यांपैकी काहीही कोणत्याही पक्ष्याला देऊ नये.

जखमा आणि काही नेहमीचे अपघात

साधी जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने, म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ या प्रमाणात, धुवावी आणि स्वच्छ कापडाने झाकावी. रक्त वाहत असेल तर पाच मिनिटे न उचलता दाबून धरावे. हळद, राख, रॉकेल, फिनेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. पशुवैद्यकाला आधी तेच साफ करावे लागते आणि त्यात प्राण्याची शक्ती जाते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरवर्गातील प्राण्यांसाठी जीवघेणी ठरते. डायक्लोफिनॅकने उपचार केलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे किती मेली, हे आपल्या देशाने पाहिले आहे, आणि म्हणूनच २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला.

मांजराने धरलेला पक्षी वरून ठीक दिसला तरी त्याला उपचार हवेतच. मांजराच्या दातांच्या जखमा टाचणीएवढ्या असतात आणि लाळेतील जिवाणू एक-दोन दिवसांत पक्ष्याला मारतात. वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकाने तो वाचू शकतो. विजेच्या धक्क्याने पडलेल्या माकडाचे किंवा वटवाघळाचेही तसेच आहे. भाजल्याचा खरा विस्तार दोन-तीन दिवसांनी दिसतो, त्यामुळे उठून चालू लागले म्हणून सोडून देऊ नये.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो झाडांवर लटकत राहतो आणि घारी, बगळे, वटवाघळे त्यात अडकतात. अडकलेल्या पक्ष्याला खाली ओढू नये. आधी पक्ष्याला पंच्यात धरून आधार द्यावा, मग त्याच्या दोन्ही बाजूंचा मांजा कापावा आणि मांसात रुतलेला भाग तसाच ठेवून पशुवैद्यकाकडे न्यावे. झाड वीजतारांजवळ असेल किंवा पक्षी उंचावर असेल तर महावितरण आणि अग्निशमन दलाची मदत घ्यावी. कुंपणाच्या किंवा मासेमारीच्या जाळ्यात अडकलेल्या धामणीसाठीही हाच नियम आहे: जाळे कापावे, साप ओढू नये. उंदरांच्या चिकट सापळ्यावर खार किंवा चिमणी चिकटली असेल तर उरलेल्या चिकट भागावर माती किंवा कागद टाकावा, चिकटलेल्या जागी खाद्यतेल बोटाने हळूहळू चोळावे आणि सुटल्यावर उबेत ठेवून पशुवैद्यकाला दाखवावे.

कासवाचे कवच हे जिवंत हाड आहे. त्याला तडा गेला तर कासव पाण्यात न ठेवता ओलसर स्वच्छ कापडावर, सावलीत, कोरड्या खोक्यात ठेवून न्यावे. येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. घरच्या टाकीत मोठे झालेले लाल कानांचे परदेशी कासव रंकाळ्यात किंवा कळंबा तलावात सोडणे हे कोणत्याही अर्थाने पुण्य नाही, कारण ते स्थानिक कासवांची जागा आणि अन्न बळकावते.

विहीर, गवा आणि साप

कठडा नसलेल्या विहिरीत कोल्हा, उदमांजर, कधी बिबट्याही पडतो. वनविभागाचे पथक येईपर्यंत प्राणी बुडू नये, एवढेच आपले काम असते. दोराला बांधलेली बाज, लाकडी ओंडका किंवा बांबूची शिडी कडेने हळू सोडावी, म्हणजे प्राण्याला टेकायला आधार मिळतो. लहान प्राणी तिरक्या शिडीवरून रात्री स्वतःच निघून जातात. विहिरीभोवती माणसांचे कडे असेल तर एकही प्राणी वर येणार नाही, आणि काठ ढासळून माणसे आत पडण्याचा धोका वेगळाच.

राधानगरी अभयारण्याचा मान असलेला गवा करवीर आणि पन्हाळ्याच्या शिवारात उतरतो, तेव्हा तो सहसा जखमी नसतो. वाट चुकलेला असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या आसपास जाऊ शकते, आणि हुल्लड करत दुचाकीने पाठलाग केला की तो घाबरून ज्या दिशेला मोकळे दिसेल तिकडे धावतो. अशा वेळी पोलीस आणि सरपंचांनी रस्ते मोकळे करून डोंगराच्या दिशेची वाट खुली ठेवावी. रात्री गर्दी पांगली की तो बहुधा आल्या वाटेने परततो.

सापाच्या बाबतीत नोंदणीकृत, वनविभागाला माहीत असलेल्या सर्पमित्रालाच बोलवावे आणि तो येईपर्यंत दुरून सापावर नजर ठेवावी. पकडलेला साप लांबच्या जंगलात नेऊन सोडणे योग्य नाही; अनोळखी जागेत त्याला बीळ आणि भक्ष्य सापडत नाही. सापडला त्याच शिवारातील वस्तीपासून जरा दूरची जागा त्याला पुरते.

स्वतःची सुरक्षितता

कोणत्याही सस्तन वन्यप्राण्याने चावले, ओरबाडले किंवा त्याची लाळ उघड्या जखमेवर पडली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजची लस कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात आणि इतर सरकारी रुग्णालयांत मिळते. कातडी फाटून रक्त आले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते आणि ते डॉक्टर ठरवतात. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही, त्यामुळे ‘पिल्लूच तर होते’ असा विचार करू नये. दिवसाढवळ्या वस्तीत फिरणारा, तोल जाणारा, विनाकारण अंगावर येणारा कोल्हा किंवा मुंगूस दिसला तर मुलांना आणि कुत्र्यांना घरात घेऊन वनविभागाला कळवावे. हाताळणीनंतर हात धुवावेत, वापरलेला पंचा उकळत्या पाण्यात टाकावा, आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

सुपूर्द करताना

प्राण्याबरोबर एक कागद द्यावा. त्यावर सापडल्याची तारीख, वेळ, नेमकी जागा, कोणत्या स्थितीत सापडला, काय पाजले किंवा लावले, आणि कोणी हाताळले, एवढे लिहावे. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश काढून ठेवावेत. अनेकांना ही औपचारिकता वाटते, पण प्राणी बरा झाल्यावर त्याला त्याच्या हद्दीत परत सोडता येईल की नाही, हे या कागदावर अवलंबून असते. ‘पन्हाळा रोडला सापडली’ एवढ्या माहितीवर घुबडाचे घर शोधता येत नाही. गाडीत खोका सीटवर पट्ट्याने बांधावा, गाणी लावू नयेत आणि थेट उन्हात गाडी उभी करू नये.

पुनर्वसनाचे पुढचे टप्पे

येथून पुढचे काम वनविभागाच्या परवानगीने चालणाऱ्या केंद्रातील पशुवैद्यकाचे आणि प्रशिक्षित स्वयंसेवकांचे आहे. तरी या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्यांनी ते समजून घ्यावे. आलेल्या प्राण्याला आधी इतरांपासून वेगळे ठेवतात, त्याचे वजन रोज एकाच वेळी घेतात आणि शरीरातील पाण्याची कमतरता भरून काढतात. सस्तन पिल्लाला ऊब आल्यावर प्रथम क्षार-साखरेचे द्रावण आणि नंतर जातीला मानवेल असे दुधाचे मिश्रण हळूहळू वाढवत देतात. एका वेळचे प्रमाण साधारणपणे वजनाच्या पाच टक्के धरतात, म्हणजे १०० ग्रॅमच्या पिल्लाला ५ मिलिलिटर. पिल्लू पाठीवर झोपवून नव्हे, तर पोटावर ठेवून, मान किंचित वर असताना एक मिलिलिटरच्या सिरिंजने पाजतात. नाकातून दूध आले तर लगेच थांबतात. डोळे न उघडलेल्या खारीच्या पिल्लाला स्वतःहून लघवी करता येत नाही. आई चाटते त्याप्रमाणे कोमट ओल्या कापसाने हळू पुसावे लागते, आणि हे ठाऊक नसल्याने पोट फुगून अनेक पिल्ले मरतात.

पक्ष्यांच्या पिसे नसलेल्या पिल्लांना दिवसा दर अर्ध्या तासाने भरवावे लागते. घारी-घुबडांना नुसते मऊ मांस दिले तर त्यात कॅल्शियम नसल्याने वाढत्या पिल्लाची हाडे वाकतात, म्हणून हाडे, पिसे, केसांसकट पूर्ण भक्ष्य द्यावे लागते. चोच उघडली म्हणून हौसेने खिम्याचे गोळे भरवत राहिलेल्या घरात वाकड्या पायांचे घुबड तयार होते, आणि ते पुन्हा सरळ करणे कोणाच्याही हातात नसते.

याहून मोठा धोका माणसाळण्याचा आहे. डोळे उघडताना ज्याचा चेहरा दिसतो, त्यालाच पिल्लू आपली जात समजू लागते. म्हणून भरवताना चेहरा झाकतात, बोलत नाहीत, नावे ठेवत नाहीत आणि शक्यतो त्याच जातीची दोन-तीन पिल्ले एकत्र वाढवतात. माकडाच्या पिल्लाच्या बाबतीत तर एकट्याने वाढवणे म्हणजे त्याला कळपासाठी कायमचे निकामी करणे आहे. त्याची वाढ सुरू असतानाच त्याच जातीच्या इतर माकडांची सोबत मिळाली पाहिजे.

सोडण्यापूर्वी काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत. पक्षी मोठ्या जाळीघरात न थकता, वळणे घेत उडतो का, पिसांवर पाणी टिकत नाही ना, शिकारी पक्षी स्वतः जिवंत भक्ष्य पकडतो का, वजन जातीच्या मर्यादेत आहे का आणि माणूस दिसताच तो दूर जातो का? यातले एकही उत्तर नकारार्थी असेल तर सोडणे पुढे ढकलावे. दिवसा फिरणारे पक्षी सकाळी, घुबडे आणि उदमांजर संध्याकाळी सोडावेत. पाऊस किंवा वादळाचा अंदाज असेल तो दिवस टाळावा. प्रौढ प्राणी सापडला त्याच जागी सोडतात. हाताने वाढवलेल्या पिल्लांसाठी मात्र योग्य अधिवासात जाळीघर उभारून, काही दिवस तेथे ठेवून, मग दार उघडे ठेवतात आणि ती स्वतः अन्न शोधू लागेपर्यंत तेथे खाद्य ठेवत राहतात. सोडण्याचा कार्यक्रम करू नये. हार, भाषणे आणि छायाचित्रांची गर्दी यांनी प्राणी चुकीच्या दिशेने उधळतो.

काही प्राणी परत जाऊ शकत नाहीत. पंखाचा सांधाच मोडलेली घार, दोन्ही डोळे गेलेले रानमांजर किंवा पूर्ण माणसाळलेला वानर यांच्यासाठी मान्यताप्राप्त केंद्रात आयुष्यभराचा सांभाळ, किंवा वेदना थांबवता येत नसतील तर पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण, एवढेच पर्याय उरतात. हा निर्णय पशुवैद्यक आणि वनाधिकारी यांनी लेखी नोंद करून घ्यायचा असतो, आणि ज्यांनी तो प्राणी आणला त्यांना त्याचे कारण समजावून सांगणे ही केंद्राची जबाबदारी आहे.